शेरेबुकातला माझा शेरा

२०२३ च्या मार्च महिन्यात एका प्राथमिक शाळेच्या शेरेबुकात मी स्वतःच्या हाताने लिहिले : 'आज शाळेस भेट दिली. सर्व अभिलेख अद्ययावत आढळले. विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक. शिक्षकांचे अभिनंदन.' खाली सही, तारीख आणि आमच्या हायस्कूलचा गोल शिक्का. त्याच वर्षी जूनमध्ये त्या शाळेतून पाचवी पास झालेली अकरा मुले दाखले घेऊन माझ्या हायस्कुलात सहावीला आली. पहिल्या आठवड्यात, काही कारण नव्हते, एक तास मोकळा होता म्हणून मी वर्गावर गेलो आणि तिसरीचे मराठीचे पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले.

चौघांनी नीट वाचले. तिघांनी अक्षराला अक्षर जोडीत, धापा टाकीत दोन ओळी पार केल्या. राहिलेल्या चौघांतला एक पोरगा मात्र खडखडीत सुटला. धडा त्याला तोंडपाठ होता. तो म्हणत होता पहिला परिच्छेद आणि बोट फिरत होते तिसऱ्या परिच्छेदावर. मी पान उलटले तेव्हा तो गप्प झाला आणि माझ्याकडे पाहून हसला. ते हसू गेली दोन वर्षे माझ्या डोक्यातून जात नाही. पाच वर्षे शाळेत काढून त्या मुलाने एक कला मात्र पक्की आत्मसात केली होती : तपासायला आलेल्या माणसाला खूश करून परत पाठवण्याची. आणि खूश होऊन परत गेलेला तो माणूस मीच होतो.

सीमेपलीकडच्या, किनवट-यवतमाळकडच्या वाचकांना आमच्याकडची व्यवस्था थोडी सांगतो. तुमच्याकडे केंद्रप्रमुख असतो. आमच्याकडे तेलंगणात हायस्कूलचा हेडमास्तर हाच आजूबाजूच्या प्राथमिक शाळांच्या 'स्कूल कॉम्प्लेक्स'चा प्रमुख. नाव इंग्रजी असले तरी कल्पनेशी एका मराठी माणसाचा जवळचा संबंध आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ही योजना सुचवली आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूरकडचे. कल्पना अशी की हायस्कूलने आपली पुस्तके, प्रयोगाचे साहित्य, जाणते शिक्षक खेड्यातल्या लहान शाळांच्या मदतीला द्यावेत. थोरल्या भावाने धाकट्याचे बोट धरावे, तसे. प्रत्यक्षात थोरला भाऊ वर्षातून दोन-तीनदा मोटारसायकलवरून येतो, तक्ते भरतो, जेवतो आणि जातो.

ही भेट कशी होते ते सांगितले पाहिजे, कारण मूल्यमापन या भारदस्त शब्दाच्या पोटात काय असते ते त्याशिवाय कळणार नाही. आदल्या दिवशी निरोप गेलेला असतो. अंगणात सडा, फळ्यावर रंगीत खडूने सुविचार, भिंतीला पताका. हजेरीपट पाहायचा, मध्यान्ह भोजनाची वही पाहायची, तांदळाचा शिल्लक साठा, अंड्यांचा हिशेब, संडास, पाण्याची टाकी. मग गुणांची रजिस्टरे. वर्षात चार फॉर्मेटिव्ह, दोन समेटिव्ह अशी सतत सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आमच्याकडे आली तेव्हा मीही तिच्या बाजूने भाषणे केली होती. फॉर्मेटिव्हचे चार भाग : वर्गातला सहभाग, वहीतले लेखन, प्रकल्प आणि छोटी चाचणी. कागदावर याच्याइतकी शहाणी पद्धत नाही. पण एकच शिक्षक आणि पाच इयत्ता असल्या की तो हे चार भाग चाळीस मुलांसाठी, प्रत्येक विषयासाठी, वर्षातून चार वेळा भरणार कधी? तो रात्री घरी बसून भरतो. मागच्या वेळच्या आकड्यात एक मिळवतो, प्रगती दिसली पाहिजे म्हणून. मला हे माहीत आहे, कारण मीही एके काळी तसेच भरले आहेत.

त्या मार्चच्या भेटीत मी ही सगळी रजिस्टरे पाहिली. आकडे सुरेख होते, अक्षर मोत्यासारखे. गुरुजींनी दोन मुलांना उभे केले, त्यांनी वाचून दाखवले. ते दोघे कोण होते हे मला जूनमध्ये कळले. नीट वाचणाऱ्या चौघांतले दोघे. बाकीच्यांना मी विचारलेच नाही. का नाही विचारले? दुपार झाली होती, भाकरी आणि वांग्याची भाजी झाली होती आणि मला संध्याकाळच्या आत आणखी एक शाळा 'करायची' होती. आम्ही शाळा पाहत नाही, शाळा 'करतो'. या क्रियापदातच सगळे आले.

माझा गुन्हा कबूल करून झाला. आता दुसरी गोष्ट, जी माझ्या एकट्याच्या अंगावर घेता येत नाही.

आमच्या भागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. बेला, जैनद, तलमडगू, तामसी या बाजूला कोणत्याही गावी जा, ओट्यावर मराठी ऐकू येईल. या शाळांचे मूल्यमापन करायला येणारा माणूस मराठी जाणणारा असेलच असे नाही. माझ्या नोकरीत मी असे एक तपासनीस पाहिले (भला माणूस, नाव सांगत नाही, हुद्दाही नको) की ज्यांना मराठीचे अक्षर लागत नव्हते. ते वह्या उघडीत आणि लाल शाईच्या खुणा मोजीत. खुणा जास्त तर शिक्षक कामसू. एका मुलीने पानभर एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिले होते, तेही चुकीचे, आणि खाली लाल शाईत 'छान' होते. त्यांनी मान डोलावली. मी शेजारी उभा होतो. मी सांगायला हवे होते, नाही सांगितले. ज्याला भाषा येत नाही तो शाळेची इमारत तपासू शकतो, फार तर वहीचे पुठ्ठे तपासू शकतो. मुलाच्या डोक्यात काय उजेड पडला हे तो कशाने पाहणार?

यावर आपली मराठी मंडळी लगेच टाळ्या वाजवतील. थांबा. हीच तलवार आपल्यावरही फिरते. ज्या शाळांना आपण अभिमानाने मराठी शाळा म्हणतो, त्यांच्यात बसलेल्या सगळ्या मुलांची भाषा मराठी कुठे आहे? कोणी गोंड, कोणी कोलाम, कोणी बंजारा. पहिलीच्या वर्गात मी 'पाणी' असे फळ्यावर लिहितो तेव्हा गोंडाच्या पोराच्या घरी त्याला 'येर' म्हणतात. तेलुगूच्या तासाला तेच 'नीळ्ळु' होते, इंग्रजीच्या तासाला 'वॉटर'. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली, ते एका परीने ठीकच, पोराला पुढे याच राज्यात पोट भरायचे आहे. २०२२ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वारे आले. सहा वर्षांच्या जिवाने एका घोट पाण्यासाठी चार शब्द शिकायचे, आणि त्याचा स्वतःचा शब्द तेवढा शाळेच्या कोणत्याही पुस्तकात सापडायचा नाही. मग ते पोर तिसरीपर्यंत तोंड उघडत नाही आणि आपण रजिस्टरात लिहितो, 'सहभाग : ब'.

वास्तविक याच जिल्ह्याने ऐंशी वर्षांपूर्वी वेगळा धडा घालून दिला होता. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारला जाग आली आणि हायमेंडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवण्यात आले. त्याने मारलवाईला मुक्काम केला आणि १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र काढले. वाचनपुस्तके गोंडी भाषेत, लिपी देवनागरी. का, तर या डोंगरातल्या माणसाला देवनागरी अक्षर परके नव्हते, मराठीमुळे डोळ्याखालून गेलेले होते. मुलाची भाषा आणि शेजाऱ्याची लिपी! ज्या राज्याचा सारा कारभार उर्दूत चाले, त्या राज्यात हे घडले. आज ते गाव कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले आहे, २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले त्यात. दिवाळीला या भागात दंडारी निघते, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात, त्या वेळी माझ्या शाळेची हजेरी निम्म्यावर येते. वर्गात मुका बसणारा पोरगा तिथे ढोलाच्या तालावर तासभर न चुकता गातो. त्याची बुद्धी कमी आहे असे कोणता तक्ता म्हणतो तो मला दाखवा.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून तिकडे गेले, आम्ही आंध्रात राहिलो. रेघ ओढायची म्हटली की कोणीतरी अलीकडे आणि कोणीतरी पलीकडे राहणारच, त्याबद्दल आता रडगाणे नको. पण त्याच साली ज्या सातव्या घटनादुरुस्तीने या रेघा पक्क्या केल्या, तिनेच घटनेत ३५०-अ हे कलमही घातले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची पुरेशी सोय प्रत्येक राज्याने करावी. रेघ आणि औषध एकाच बाटलीतून आले. रेघ राहिली. औषधाचे काय झाले ते केरामेरीच्या डोंगरातल्या त्या चौदा वादग्रस्त गावांत जाऊन पाहावे. दोन्ही राज्ये ती आपली म्हणतात आणि दोघांच्याही शाळा तिथे आहेत, एकाची तेलुगू, एकाची मराठी. गावकऱ्यांकडे दोन रेशनकार्डे, दोन ठिकाणची मते. कोणाची शाळा मोठी, कोणाचा पट जास्त याची चुरस दोन्ही सरकारांना आहे. आपले मूल दोन्हींपैकी कोणत्या शाळेत वाचायला शिकते, हे तिथल्या आईने कोणाला विचारावे?

गुणवत्ता मोजणे अवघड असते, असे आमचे प्रशिक्षणाचे तज्ज्ञ सांगतात. असेल. पण वाचता येते की नाही, हे मोजणे अवघड नाही. 'प्रथम' संस्थेची माणसे २००५ पासून 'असर' नावाच्या पाहणीत तेच करीत आली आहेत. शाळेत न जाता घरी जायचे, रजिस्टर मागायचे नाही, पोराच्या हातात एक कागद द्यायचा. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीचा छोटा उतारा, दुसरीची गोष्ट. जिथे अडेल तिथे त्याची पायरी. या पाहणीत देशभरातल्या खेड्यांतल्या पाचवीच्या शंभर मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २०१८ मध्ये निम्मी होती, करोनानंतर २०२२ मध्ये सुमारे त्रेचाळीस, २०२४ मध्ये एकोणपन्नासच्या आसपास. म्हणजे अर्धी मुले पाचवीतही दुसरीच्या मागे. आता या देशातल्या शाळांची शेरेबुके गोळा करा आणि त्यांतल्या किती पानांवर 'असमाधानकारक' हा शब्द सापडतो ते सांगा. मी माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत तो दोनदा वाचला. दोन्ही वेळा गावातल्या राजकारणामुळे लिहिला गेला होता.

माझे प्राथमिकचे शिक्षकमित्र हे वाचून रागावतील, आणि त्यांचा राग खोटा नाही. हेडमास्तर खुर्चीत बसून बोलतात, म्हणतील. खरे आहे. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, प्रत्यक्षात एक असतो आणि त्यालाही मतदार यादी, माहितीचे अर्ज, रोज मोबाइलवरून पाठवायचे फोटो. तेलंगणात २०१७ च्या शिक्षकभरतीनंतर पुढची मोठी भरती निघाली ती २०२४ ला. २०१७ मध्ये पहिलीत बसलेले पोर तोवर आठवीत पोचले. मधल्या जागांवर विद्या व्हॉलंटियर होते, करोनात त्यांचेही मानधन थांबले. दसऱ्यानंतर कापूस फुटतो आणि चौथी-पाचवीच्या मुली वेचणीला जातात. त्या का येत नाहीत म्हणून शिक्षकाला विचारणाऱ्याने मजुरीचा हिशेब कधी केलेला नसतो. हे सगळे मान्य. परंतु मित्रहो, मग रजिस्टरात ते का दिसत नाही? तुमच्यावर अन्याय होतो आणि तुम्ही तो सुंदर अक्षरात झाकून ठेवता. 'माझ्याकडे पाच इयत्ता आहेत, म्हणून या सात मुलांना वाचता येत नाही' असे एक वाक्य तुम्ही लिहिले असते तर ते पुरावा झाले असते. तुम्ही 'अ' लिहिलात. आता वरचा अधिकारी म्हणतो, एका शिक्षकात सगळी मुले 'अ' श्रेणीत आहेत, दुसरा कशाला पाहिजे? तुमच्या खोट्या आकड्यांनी तुमचीच जागा खाल्ली. माझ्या सहीने ते आकडे खरे झाले.

कोणी म्हणेल, मग काय पुन्हा दिपोटी आणायचा? इंग्रजी मुलखात पूर्वी डेप्युटी इन्स्पेक्टर येई, मुलांची परीक्षा घेई आणि निकालावर शाळेला पैसे देण्याचीही पद्धत होती. दिपोटी येणार म्हटले की पोरांना घोकंपट्टीचा मार बसे. ते दिवस नकोत. निकालावर पैसे किंवा शिक्षा लटकवली की खोटेपणा आलाच. मी म्हणतो ती तपासणी शिक्षकाला फासावर चढवण्यासाठी नाही, कोणाची पगारवाढ तिच्यावर ठरू नये. पण पोराला वाचता येत नाही हे त्याच्या घरच्यांना ठाऊक असलेच पाहिजे. ते रजिस्टर त्यांचे आहे.

आता आपल्याबद्दल, म्हणजे दिवाळी अंकात लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या आपल्या मंडळीबद्दल. सीमाभागातली मराठी टिकली पाहिजे, असे आपण दर वर्षी याच दिवसांत लिहितो. कविसंमेलने भरवतो, मीही दोनदा अध्यक्ष होतो, शाल कपाटात आहे. पण मराठी ज्या खोलीत टिकणार किंवा मरणार, त्या पत्र्याच्या वर्गखोलीत आपल्यापैकी शेवटचे कोण कधी गेले? आपली मुले-नातवंडे पिवळ्या बसने आदिलाबादच्या इंग्रजी शाळेत जातात. माझा मुलगाही तिथेच शिकला. मराठी शाळेत उरली ती वेचणीवाल्यांची, सालगड्यांची, कोलामांची पोरे. त्यांच्या जिवावर आपण मराठीचा झेंडा लावतो आणि त्यांना ती मराठी वाचता येते का, हे विचारीत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले होते की सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो आणि रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची आबाळ होते. आपल्या साहित्यिक प्रेमाचेही तसेच झाले आहे, सगळे वरच्या मजल्यावर.

तर मी काय केले? मोठे काही नाही. त्या अकरा मुलांना सहावीत रोज एक तास बाजूला बसवले, त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी. पण गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी, वेचणी आटोपल्यावर, मी न कळवता त्या गावी गेलो. गुरुजींना मात्र आदल्या रात्री फोन केला होता, कारण त्यांची फजिती करणे हा हेतू नव्हता. ते आले, चेहरा पाडूनच. निंबाखाली सतरंजी टाकली, आया, आज्या, दोन-तीन बाप जमले. पटावरच्या एकेका मुलाला हाक मारली आणि आपापल्या माणसांसमोर चार ओळी वाचायला दिल्या. ज्याला अक्षरच येत होते त्याने अक्षरे वाचली. गोंडांच्या दोन मुलींना मी आधी त्यांच्या बोलीत काय ते सांगा म्हटले. त्यांनी सांगितले ते मला कळले नाही, आजीला कळले आणि तिने मराठीत मला सांगितले. कोणी हसले नाही. मला भीती होती तसा गोंधळही झाला नाही. एक बाप उठून निघून गेला, एवढेच.

मी शेरेबुक मागवले. प्रत्येक मुलाचे नाव आणि पुढे त्याला काय वाचता येते ते लिहिले, पाच इयत्तांना एक शिक्षक असल्याचेही लिहिले. प्रगती, समाधान असले शब्द वगळले. लिहून झाल्यावर शेजारी बसलेली एक म्हातारी, तिच्या नातवाने तीनच अक्षरे ओळखली होती, म्हणाली, "मास्तर, हे त आज लिवलं. मांगच्या खेपेले तुमी काय लिवलं व्हतं जी?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी पाने मागे उलटली आणि २०२३ चा माझा शेरा सगळ्यांना वाचून दाखवला, सहीसकट. म्हातारीने ऐकून घेतले. मग नातवाला जवळ ओढून म्हणाली, "पोट्ट्या, मास्तर वाचते पाय कसे चांगलं."

दुसऱ्या शिक्षकाची जागा अजून रिकामी आहे. माझ्या त्या पानाखाली पुढच्या तपासनीसाने 'पाहिले' असे लिहून सही केली आहे. पुढचे वाचन दंडारी आटोपली की पहिल्या रविवारी ठेवले आहे, त्याच निंबाखाली.